सिमेंटच्या पोटातल्या वाटा विजेने कशा शोधायच्या

मुंबईत काँक्रीट तपासायचं म्हटलं की सगळ्यात आधी क्यूब, म्हणजे काँक्रीटचा ओतलेला ठोकळा, फोडला जातो. सात दिवसांचा, अठ्ठावीस दिवसांचा. ताकदीचा आकडा रजिस्टरमध्ये चढतो आणि काम पुढे सरकतं. पण जुन्या इमारतीत छताचा पोपडा खाली येतो किंवा कॉलमला उभी चीर जाते, तेव्हा आत बघावं तर सळई गंजून फुगलेली असते. समुद्राकडून आलेला क्लोराईड, ओलावा आणि हवा यांना सळईपर्यंत वाट करून दिलेली असते ती सिमेंटमधल्या छिद्रांनी. क्यूबची ताकद या वाटांबद्दल फार थोडं सांगते. विजेचं मोजमाप मात्र त्या वाटांवरूनच चालत जातं, म्हणून ते प्रत्येक नवशिक्याने हाताने करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

डिप्लोमा किंवा बीईचे विद्यार्थी आणि रेडीमिक्स प्लांटच्या लॅबमध्ये नुकतेच रुजू झालेले क्वालिटीवाले यांना समोर ठेवून हे लिहितोय. महागडं यंत्र नसेल तरी चालेल. ओहमचा नियम मात्र पक्का हवा.

वीज नेमकी कुठून जाते

सिमेंटमध्ये पाणी पडलं की कण विरघळू लागतात आणि त्यांच्याभोवती नवी संयुगं तयार होतात. त्यातला मुख्य भाग म्हणजे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, म्हणजेच जेल. या जेलच्या आत काही नॅनोमीटरची अतिसूक्ष्म छिद्रं असतात. शिवाय पाण्याने व्यापलेली जी जागा जेलने भरून निघत नाही, तिथे त्याहून मोठी, केशिका छिद्रं उरतात. या सगळ्यांत जे पाणी साठतं त्याला आपण रंध्रद्रव म्हणू. हे साधं पाणी नसतं. त्यात सोडियम, पोटॅशियम आणि हायड्रॉक्साईडचे आयन भरपूर असतात, पीएच १३ च्या वर असतो, आणि त्यामुळे ते वीज उत्तम वाहून नेतं.

रेती आणि खडी जवळजवळ काहीच वाहून नेत नाहीत, न विरघळलेले सिमेंटचे कणही तसेच. म्हणजे ओल्या काँक्रीटमधून जाणारा प्रवाह जवळपास सगळा या द्रवातूनच जातो. भुलेश्वरच्या गल्ल्यांसारखं आहे हे: किती गल्ल्या आहेत, त्या किती अरुंद आहेत आणि किती आरपार निघतात यावर पलीकडे पोचायला किती त्रास होणार ते ठरतं.

म्हणून मोजून जी रोधकता (रेझिस्टिव्हिटी, म्हणजे नमुन्याच्या लांबी-रुंदीचा हिशोब काढून टाकलेला रोध) मिळते तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे द्रव स्वतः किती वाहक आहे, आणि दुसरी म्हणजे वाटा किती आणि कशा आहेत. सूक्ष्मरचना म्हणजे फक्त ही दुसरी. पहिली बाजूला काढल्याशिवाय दुसरीबद्दल एक शब्दही बोलू नये. या लेखातली प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

बाजूला काढायची पद्धत तेलविहिरीवाल्यांकडून आली. १९४२ साली आर्ची यांनी वालुकाश्मासाठी दाखवलं की द्रवाने भरलेल्या खडकाची रोधकता भागिले त्या द्रवाची रोधकता, हा भागाकार खडकाच्या रचनेवर अवलंबून असतो. त्याला फॉर्मेशन फॅक्टर म्हणतात. काँक्रीटलाही तोच लागू पडतो.

मीटर कुठला घ्यायचा

साधा मल्टिमीटर नको. तो एकाच दिशेचा प्रवाह सोडतो, आयन इलेक्ट्रोडपाशी जाऊन गोळा होतात आणि आकडा वर चढत राहतो. तुम्ही नमुना मोजत नसता, इलेक्ट्रोडवर साचलेला थर मोजत असता. दिशा बदलणारा प्रवाह हवा. लॅमिंग्टन रोडवर हातात धरायचा एलसीआर मीटर मिळतो. त्यावर १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झ या दोन्ही फ्रीक्वेन्सी आहेत आणि फेज अँगल दिसतो, एवढं दुकानातच तपासून घ्या.

फेज अँगल, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह एकमेकांच्या किती मागे-पुढे आहेत तो कोन, हा तुमचा पहारेकरी समजा. तो शून्याच्या जवळ असेल तर दिसणारा आकडा खरोखर द्रवाच्या वाटेचा रोध आहे. तो बऱ्यापैकी लांब असेल तर इलेक्ट्रोडचा परिणाम मध्ये घुसलाय. फ्रीक्वेन्सी वाढवून पुन्हा बघा. फेज अँगलची नोंद नसलेलं रीडिंग मी तरी विचारात घेत नाही.

भांडं तयार करा आणि त्याचा गुणक काढा

घट्ट झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा घ्या. झाकणाला सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडून स्टेनलेस स्टीलचे दोन जाड बोल्ट नटाने पक्के बसवा, ते आत सारख्याच लांबीचे लोंबले पाहिजेत. डब्यावर आतून एका ठरावीक पातळीची खूण करा. भरायचं ते नेहमी त्या खुणेपर्यंतच, कारण पातळी बदलली की बोल्टचा बुडालेला भाग बदलतो आणि गुणकही बदलतो.

आता पोटॅशियम क्लोराईड. प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत शुद्ध प्रतीचं मिळतं. ते ७.४५५ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एकूण बरोबर १ लिटर द्रावण करा. हे झालं ०.१ मोलर. २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता १.२८८ सीमेन्स प्रति मीटर असते. डब्यात खुणेपर्यंत भरा, तापमान २५ ला आणा आणि १० किलोहर्ट्झवर रोध वाचा. समजा १२ ओहम आला. १२ गुणिले १.२८८, म्हणजे साधारण १५.५ प्रति मीटर हा तुमच्या भांड्याचा गुणक. यापुढे या भांड्यात जे काही मोजाल त्याच्या रोधाला १५.५ ने भागा, की रोधकता ओहम-मीटरमध्ये हातात येते.

रोध इतका कमी असताना वायरचा रोधही मध्ये येतो. दोन्ही क्लिपा एकमेकींना लावून जो आकडा दिसेल तो आधी वजा करा.

एक रात्र सिमेंट पेस्टसोबत

माझ्या मते या विषयात शिरायचा सगळ्यात चांगला दरवाजा हाच आहे. ओपीसी ५३, म्हणजे ५३ ग्रेडचं साधं पोर्टलँड सिमेंट घ्या, वजनाने अर्धं पाणी, म्हणजे ३०० ग्रॅमला १५० ग्रॅम. डबा मोठा असेल तर याच प्रमाणात वाढवा. पाणी पडलं ती वेळ लिहून ठेवा. तीन मिनिटं नीट कालवा, डब्यात खुणेपर्यंत भरा, बुडबुडे निघावेत म्हणून डबा ओट्यावर हलके आपटा आणि झाकण लावा. एक थर्मामीटर किंवा थर्मोकपलची तार पेस्टमध्ये बुडलेली ठेवा. झाकणाच्या भोकातल्या फटी मेणाने बंद करा.

पहिलं रीडिंग १ ओहम-मीटरच्या आसपास येईल. त्यानंतर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ, रोधकता थोडी खाली जाते. नवशिक्याला इथे धक्का बसतो, कारण पेस्ट घट्ट होतेय तर आकडा वाढायला हवा असं वाटतं. पण या काळात सिमेंटमधले अल्कली (सोडियम-पोटॅशियमचे क्षार) विरघळून पाण्यात येतायत, द्रव जास्त जास्त वाहक होतोय आणि वाटा अजून सताड उघड्याच आहेत. मघाशी म्हटलेल्या दोन गोष्टींपैकी पहिली इथे एकटी काम करताना दिसते.

मग आकडा जवळपास थबकतो. या वेळात पेस्टच्या वर पाण्याचा पातळ, चकचकीत थर आलेला दिसेल. तो बोल्टच्या वरच्या टोकाला वेगळी, सोपी वाट देतो, म्हणून जास्त पाणी सुटणारी पेस्ट या प्रयोगाला घेऊ नका. निम्म्याहून जास्त पाणी घातलं तर हा त्रास हमखास होतो. काही तासांनी तो थर ओसरतो, पृष्ठभाग मॅट दिसू लागतो आणि जवळपास त्याच सुमारास मीटरचा आकडा वर निघतो. आधी हळू, मग झपाट्याने. जेल तयार होतंय, कणांमधली जागा भरतेय, वाटा अरुंद होतायत. त्याच वेळी थर्मामीटर चढायला लागतो, कारण ही रासायनिक क्रिया उष्णता सोडते.

तापमान चढलं की द्रव जास्त वाहक होतो आणि रोधकता खाली ओढली जाते. म्हणजे वाटा बंद होण्याचा वेग आलेखात खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून प्रत्येक रीडिंगशेजारी तापमान लिहायचंच. पहिल्या तासात पाच-पाच मिनिटांनी, पुढे पंधरा मिनिटांनी आणि आकडा चढू लागला की अर्ध्या तासाने मोजलं तरी सुरेख वक्र मिळतो. मीटरला कंप्युटर जोडता येत असेल तर रात्रभर जागायचीही गरज नाही.

दुसऱ्या डब्यात तेच सिमेंट ०.४० पाण्याने, म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या ०.४० पट पाण्याने करून बघा. टी. सी. पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली एक हिशोब मांडला: केशिका छिद्रांची सलग साखळी तुटायला ०.४० ला ३ दिवस, ०.४५ ला ७ दिवस, ०.५० ला १४ दिवस, ०.६० ला ६ महिने आणि ०.७० ला वर्षभर ओलं क्युरिंग लागतं. त्याच्या वर गेलात तर साखळी कधीच पूर्ण तुटत नाही. आयएस ४५६, म्हणजे आपलं काँक्रीटचं भारतीय मानक, किनारी हवेतल्या आरसीसीला पाणी-सिमेंटचं प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ०.४० का ठेवतं, हे या दोन डब्यांचे आलेख शेजारी ठेवलेत की डोळ्यांनी दिसतं.

घट्ट झालेला नमुना

आता काँक्रीट. १०० मिलिमीटरचा क्यूब किंवा १०० बाय २०० चा सिलिंडर घ्या. दोन समोरासमोरच्या तोंडांवर ओला स्पंज आणि त्यावर स्टेनलेस स्टीलची प्लेट, वरून वजन. क्यूबची घासलेली, सपाट बाजू निवडा. भरायची वरची बाजू नको, तिथे मलई जमलेली असते. स्पंज टपटपणारा नको, नुसता दमटही नको. हाताने दाबल्यावर ओल सुटेल पण ओघळणार नाही इतका. ओघळलं तर क्यूबच्या कडेवरून पाण्याचा पट्टा उतरतो आणि प्रवाह आतून जायचं सोडून बाहेरून निघून जातो. कडा फडक्याने पुसा आणि लगेच मोजा. नंतर क्यूब काढून दोन्ही स्पंज एकमेकांवर ठेवून तेच वजन ठेवा, त्यांचा रोध मोजा आणि वजा करा.

रोधकता म्हणजे रोध गुणिले क्षेत्रफळ भागिले लांबी. १०० च्या क्यूबला हा गुणक ०.१ मीटर येतो, म्हणजे ८०० ओहम वाचलात तर ८० ओहम-मीटर. सिलिंडरला तो सुमारे ०.०३९३ मीटर. साइटवर बरेच जण किलोओहम-सेंटिमीटर बोलतात. १० ओहम-मीटर म्हणजे १ किलोओहम-सेंटिमीटर, हे एकदा भिंतीवर लिहून टाका.

जे लोक आरसीपीटी करतात, म्हणजे काँक्रीटमधून ठरावीक वेळात किती विद्युतभार जातो ते मोजणारी क्लोराईडची टेस्ट (एएसटीएम सी १२०२), त्यांनी एक गणित कागदावर करून बघावं. ५० मिलिमीटर जाड, १०० व्यासाची चकती, ६० व्होल्ट, ६ तास. काँक्रीटची रोधकता ५० ओहम-मीटर असेल तर चकतीचा रोध साधारण ३१८ ओहम, प्रवाह ०.१८९ अँपिअर, आणि ६ तासांत सुमारे ४,०७० कुलोम. ४,००० च्या वर म्हणजे त्या टेस्टच्या तक्त्यात सगळ्यात वाईट वर्ग. तीच माहिती मीटरने मिनिटभरात मिळते. वर ६० व्होल्टमुळे खराब काँक्रीट तापतं आणि आकडा आणखी फुगतो तो वेगळाच.

द्रव वेगळा काढणं

समजा तुमच्याकडे दोन मिक्स आहेत. एक साधं ओपीसी, दुसऱ्यात सिमेंटच्या जागी निम्मं जीजीबीएस, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या स्लॅगची पूड. ९० दिवसांनी स्लॅगवाल्याची रोधकता चौपट आली. वाटा चौपट अवघड झाल्या का? नाही सांगता येत. स्लॅग आणि विशेषतः सिलिका फ्यूम घातल्याने रंध्रद्रवातले अल्कलीही कमी होतात, म्हणून वाढीचा काही भाग द्रवाचा असतो. उलटही होतं. गंज रोखायला कॅल्शियम नायट्राईट घातलेलं असेल तर द्रव जास्त वाहक होतो आणि रचना चांगली असूनही काँक्रीट कमकुवत दिसतं.

रंध्रद्रवाची रोधकता साधारण ०.०५ ते ०.२५ ओहम-मीटरमध्ये असते. म्हणजे पाचपट फरक फक्त द्रवामुळे पडू शकतो. मोठ्या लॅबमध्ये प्रचंड दाबाने नमुना पिळून द्रव बाहेर काढतात. आपल्यासारख्यांना त्याहून सोपी वाट आहे: द्रव माहीत नाही, तर आपणच माहीत असलेला द्रव आत जाऊ द्यायचा.

एक लिटर पाण्यात ७.६ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साईड, १०.६४ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साईड आणि २ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साईड. या द्रावणाची रोधकता २३ अंशांना ०.१२७ ओहम-मीटरच्या जवळपास असते. झाकणाच्या बादलीत हे द्रावण भरा आणि साच्यातून काढलेला नमुना थेट त्यात बुडवून ठेवा. हातमोजे आणि गॉगल घातल्याशिवाय हात लावू नका, हे कातडी जाळतं; आणि रसायन पाण्यात घालायचं, पाणी रसायनावर ओतायचं नाही.

साध्या पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या नमुन्यातून अल्कली बाहेर झिरपत जातात, द्रव पातळ होतो, रोधकता वाढते, आणि लोक समजतात क्युरिंग छान झालं. चुन्याच्या पाण्यातही हे होतंच. बादलीतल्या द्रावणाने हा प्रश्न बराचसा मिटतो, कारण आतला आणि बाहेरचा द्रव हळूहळू सारखा होतो.

आता भागाकार करा. २३ अंशांना ८० ओहम-मीटर भागिले ०.१२७, फॉर्मेशन फॅक्टर सुमारे ६३०. पुढचं पाऊल खास आपल्या किनाऱ्यासाठी: क्लोराईडचा मोकळ्या पाण्यातला विसरण (डिफ्यूजन) गुणांक २५ अंशांना २.०३ गुणिले १० चा उणे ९ वा घात चौरस मीटर प्रति सेकंद. त्याला ६३० ने भागलं की काँक्रीटमधला गुणांक येतो, ३.२ गुणिले १० चा उणे १२ वा घात. सिमेंट काही क्लोराईड बांधून ठेवतं ते यात धरलेलं नाही, तरी दोन मिक्सची तुलना करायला हा आकडा रोधकतेपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

तापमान आणि ओल

आपल्याकडे आयएसप्रमाणे क्युरिंग २७ अंशांना होतं. परदेशी तक्ते २३ च्या आसपासचे. ओल्या काँक्रीटची रोधकता दर अंशाला साधारण २ ते ३ टक्के बदलते, म्हणजे नुसत्या या फरकाने तुमचं रीडिंग १० टक्क्यांच्या आसपास कमी दिसतं. नमुना टाकीतून काढून एसीत ठेवला आणि पृष्ठभाग गार झाला, तरी पोट गरमच असतं. टाकीतून काढलं की पाच मिनिटांत मोजून मोकळं व्हा, आणि टाकीचं तापमान लिहा.

ओलीचं गणित त्याहून बिकट आहे. छिद्रं अर्धवट रिकामी झाली की वाटा तुटतात आणि रोधकता कितीतरी पटींनी वाढते. प्रत्येक वेळी नमुन्याचं वजन करा. दोन रीडिंगांत वजन घटलं असेल तर ती दोन रीडिंगं एका ओळीत मांडू नका.

इम्पीडन्स अॅनालायझर मिळाला तर

कॉलेजच्या एखाद्या मटेरियल लॅबमध्ये असतो. तो काही हर्ट्झपासून काही मेगाहर्ट्झपर्यंत मोजतो आणि नायक्विस्ट आलेख काढतो: आडव्या अक्षावर रोध, उभ्यावर इम्पीडन्सचा काल्पनिक भाग. उजवीकडची तिरपी चढण कमी फ्रीक्वेन्सीची, ती इलेक्ट्रोडची. डावीकडचं बसकं अर्धवर्तुळ जास्त फ्रीक्वेन्सीचं, ते सिमेंटचं. दोन्ही जिथे मिळतात त्या खोबणीचा आडवा आकडा म्हणजे नमुन्याचा रोध. पेस्ट जुनी होते तसं अर्धवर्तुळ मोठं होत जातं.

सॉफ्टवेअर लगेच समतुल्य सर्किट बसवून देतं, पाच-सहा घटकांचं. मोह आवरा. कुठलाही वक्र पुरेशा घटकांनी जुळवता येतो. प्रत्येक घटकाला सूक्ष्मरचनेतला अर्थ असतोच असं नाही. सुरुवातीला फक्त खोबणीचा आकडा वापरा.

उभ्या इमारतीवर मोजायचं असेल तर

चार टोकांचा प्रोब लागतो. फ्रँक वेनर यांनी १९१५ साली जमिनीसाठी मांडलेली पद्धत. बाहेरच्या दोन टोकांतून प्रवाह, आतल्या दोनांवर व्होल्टेज. रोधकता म्हणजे २ पाय गुणिले टोकांतलं अंतर गुणिले व्होल्टेज भागिले प्रवाह. हे सूत्र अमर्याद मोठ्या ठोकळ्याचं आहे. १०० बाय २०० च्या सिलिंडरवर ३८ मिलिमीटर अंतराने मोजलं तर खऱ्या रोधकतेच्या पावणेदोन ते दोन पट आकडा येतो. आशटो टी ३५८ या अमेरिकन टेस्टचा तक्ता याच न सुधारलेल्या आकड्यांचा आहे: १२ किलोओहम-सेंटिमीटरच्या खाली क्लोराईडला वाट मोकळी, १२ ते २१ मध्यम, २१ ते ३७ कमी, ३७ च्या वर फारच कमी. प्लेटने मोजलेला आकडा त्या तक्त्यात बसवू नका, चांगलं काँक्रीटही वाईट ठरेल.

भिंतीवर किंवा कॉलमवर जाताना आधी कव्हर मीटरने सळया शोधून खडूने आखा. प्रोब सळईच्या डोक्यावर आणि तिला समांतर धरला तर प्रवाह लोखंडातून पळतो आणि आकडा पडतो. दोन सळयांच्या मधोमध, तिरपा धरा. रंग आणि गिलावा काढलेला हवा. वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साईडने कार्बोनेट झालेला असेल तर तो वेगळाच आकडा देतो, म्हणून फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारं रसायन) टाकून त्या थराची खोली बघून घ्या. आणि मेमधलं रीडिंग जुलैतल्या रीडिंगशी ताडू नका; वरळीच्या समुद्राकडच्या भिंतीचं आणि त्याच इमारतीच्या आतल्या बाजूचं तर एकाच दिवशीही नको. एका जागेवर पाच रीडिंगं घेऊन मधला आकडा ठेवा, शेजारी तारीख, पृष्ठभागाचं तापमान आणि शेवटचा पाऊस कधी झाला ते लिहा.